कावीळ उतरवणाऱ्यांना, आणि त्यांना हसणाऱ्यांनाही

मोहल्ल्यात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की तिला आधी नेतात कावीळ उतरवणाऱ्याकडे. तो काड्यांची माळ घालतो, माळ रोज लांबते, घरचे खूश. एरवी हे खपून जाते, कारण ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण हाच विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात. यकृत निकामी होते, बाई गुंगीत जाते, रक्तस्राव थांबत नाही. तिला माळ घालणाऱ्याने 'आधी दवाखाना' एवढे सांगायला काय हरकत आहे? दम-दुआ तिथेही करता येते.

पण माळवाल्याला हसणाऱ्या शिकलेल्यांनाही विचारायचे आहे. ही कावीळ येते कुठून? मैला मिसळलेल्या पाण्यातून. 1955 च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याची घाण वझीराबादला, पिण्याचे पाणी उचलतात तिथे पोचली. सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. 1978 साली काश्मीरमध्ये साथ आली, तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी घरोघर नोंदी घेतल्या आणि ही तोवर माहीत असलेल्या काविळींपेक्षा वेगळी आहे हे ओळखले. गरोदर बायकांचे मृत्यू त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. 2012 साली आपल्या इचलकरंजीत पुन्हा साथ. चीनने 2011 मध्ये लस मंजूर केली, आपल्या सरकारी लसीकरणात ती अजून नाही.

आपल्या बहुतेक शहरांत नळ तासभर येतो आणि बंद होतो. बंद झाला की पाइपातला दाब जातो, आणि पाइप गटारातून गेलेला असेल तर फुटक्या जोडातून गटार आत शिरते. हे नगरसेवकाला ठाऊक नसते असे नाही. तो कब्रस्तानच्या भिंतीवर मते मागतो आणि आपण देतो. वुजूचे पाणी पाक की नापाक यावर आपल्याकडे तासभर बयान चालते, सुनेच्या ग्लासातल्या पाण्यावर पाच मिनिटेही नाही.

तोवर तिचे पाणी उकळून द्या. लघवी पिवळीजर्द, उलट्या, अन्नावरची वासना गेली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आणि पुढच्या प्रचारसभेत भिंतीची गोष्ट निघाली की उठून विचारा: आमच्या गल्लीचा पाइप कुठल्या गटारातून जातो, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन शेवटचे कधी मोजले?