गुऱ्हाळातली गळती वहीत पकडा



दिवाळी सरली की कोल्हापूर भागात चुलवाणे पेटतात आणि त्याबरोबर जुनी तक्रारही पेटते. मजुरी वाढली, दर मिळत नाही, गुऱ्हाळ परवडत नाही! मग कुणी नवा घाणा घ्यायचे म्हणतो, कुणी चुलवाण पाडून नवे बांधायचे. त्यासाठी जमिनीवर बोजा चढवायचीही तयारी असते. मंडळी, जरा थांबा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक वही आणि एक तराजू घ्या.

वहीत प्रत्येक आधणाची एक ओळ लिहायची. ऊस किती, रस किती, गूळ किती, काहील किती वेळात उतरली आणि जळण पुरले की नाही. घरातल्या शाळकरी मुलीलाही हे काम जमेल. आठ दिवसांत वहीच बोलू लागेल.

सुरुवात घाण्यापासून करा. शंभर किलो ऊस तोलून घाला आणि निघालेला रस तोला. तीन लाटांच्या चांगल्या घाण्यातून साठ किलोच्या आसपास रस यायला हवा. पंचावन्नच भरला, तर लाटांमधली फट जास्त आहे किंवा लाटा झिजल्या आहेत. घाणा बंद करूनच फट नीट करून घ्या. चालू घाण्यात हात घालू नका! हा पाच किलोंचा फरक क्षुल्लक नाही. टनामागे पन्नास किलो रस, म्हणजे आठ-नऊ किलो गूळ चिपाडाबरोबर जळून जातो. दहा टनांचा हिशेब तुम्हीच करा.

आता जळण पाहू. घाण्यातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात निम्मे पाणीच असते. ते तसेच चुलवाणात घातले, तर आधी ते पाणी उडवण्यातच आच खर्च होते. चिपाड उन्हात पसरून कडकडीत वाळवा, गंजी रचा आणि अवकाळी पावसासाठी वर ताडपत्री ठेवा. वेगळे जळण विकत घ्यावे लागत असेल, तर पहिली बचत इथेच दिसेल.

तिसरी गोष्ट उसाची. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा. तो पडून राहिला की त्यातली साखर फुटते आणि गूळ नरम राहतो. म्हणून घाण्याला जेवढा झेपेल तेवढाच ऊस तोडायचा. पाला, मुळ्या आणि माती घाण्यापाशी येऊ देऊ नका. माती रसात गेली की मळी वाढते आणि रंग बिघडतो. मग रंग उजळावा म्हणून पावडरींच्या मागे लागावे लागते. त्यापेक्षा ऊस स्वच्छ ठेवा आणि भेंडीच्या चिकाने मळी नीट काढा.

चौथी गोष्ट काहील उतरवण्याची. आपला गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून गोळी पाहतो. ती त्याची विद्या आहे, तिचा मान ठेवा. पण जोडीला धातूच्या नळीतला थर्मामीटर ठेवा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, दोनशे अंशांपर्यंतचा हवा. गूळ साधारण 118 अंश सेल्सिअसला उतरतो, काकवी 105-106 ला. गुळव्या म्हणेल तेव्हा किती अंश होते, तेही वहीत लिहा. तो एखादे दिवशी आला नाही, तर हीच नोंद उपयोगी पडेल.

मात्र एक पथ्य पाळा. एका वेळी एकच बदल करायचा. आज फट नीट केली, चुनाही कमी केला आणि आचही बदलली, तर गूळ कशाने सुधारला किंवा बिघडला ते कसे कळणार? एक बदल, चार-पाच आधणे, वहीत नोंद, मग पुढचा. लाभ नाही झाला तर जुन्याच रीतीवर या, त्यात कमीपणा नाही.

एवढे करूनही वही तोटाच दाखवत असेल, तर नव्या घाण्याचा विचार जरूर करा. तेव्हा किती कर्ज झेपेल हेही वहीच सांगेल. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण तळे फुटके असेल तर आधी भोक बुजवावे लागते.