संच बदलतील, हुन्नर टिकेल

बदलापूर गावात बसून सिकंदराबादहून सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण मिळते, याचे आज कुणाला नवल नाही. पूर्वी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद या पाच आरक्षण केंद्रांच्या नोंदी वेगवेगळ्या होत्या. रेल्वेच्याच 'क्रिस' संस्थेने 'कॉन्सर्ट' प्रणाली तयार केली आणि १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे जोडली गेली.

खरी अडचण जोडणीत असते. एक जागा दोघांना विकली जाऊ नये. पैसे जमा झाले आणि मध्येच लाईन तुटली, तर व्यवहार अर्धवट राहू नये. एक तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही! हे काम सांभाळणारे तयार सॉफ्टवेअर संच असतात. 'कॉन्सर्ट'मध्ये डिजिटल कंपनीचा 'रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर' वापरला गेला. ती कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

उल्हासनगरात गोदाम आणि बदलापुरात दुकान असलेल्या व्यापाऱ्याची गरज याहून वेगळी नाही, फक्त लहान आहे. पोस्टग्रेससारखा डेटाबेस विनामूल्य मिळतो. तेव्हा आमच्या तरुणांनी क्लासमध्ये केवळ बटणे दाबायला न शिकता हे तत्त्व शिकावे. काम गावातच मिळू शकेल. व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच : संच कोणताही घ्या, पण आपल्या नोंदी हव्या तेव्हा पूर्णपणे परत मिळतील, हे आधी लिहून घ्या. हिशेबाची वही परक्याच्या कुलपात ठेवून धंदा होत नाही.