उसना म्हणवलेला मर्ढेकर

मर्ढेकरांचं नाव निघालं की पाठोपाठ एलियटचं नाव येतंच, आणि मग आपली नवकविता उसनवारीची असा निकाल लागतो. फैजपुरात जन्मलेला हा माणूस आयसीएससाठी लंडनला गेला, ती परीक्षा काही साधली नाही, पण तिथलं वाचन बरोबर आलं, हे खरंच. तरीही १९३९ च्या ‘शिशिरागम’वर सावली आहे ती बालकवींची. खरी उलथापालथ १९४७ च्या ‘काही कविता’त झाली: पिंपातले उंदीर, यंत्रं, मुंबईची गर्दी, आणि हे सगळं कशात बसवलं, तर अभंगात, ओवीत! हा साचा लंडनहून आलेला नाही, तो तुकोबा-रामदासांचा. बावधनकडे निघालेल्या, चांदणी चौकात खोळंबलेल्या पीएमपीत घामेजलेल्या माणसांमध्ये लोंबकळताना मला एलियट कधी आठवत नाही, मर्ढेकर मात्र हटकून आठवतात. तेव्हाच्या सरकारला मात्र ‘काही कविता’त अश्लीलता तेवढी दिसली. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या कवीवरच खटला भरला गेला. सुटले ते निर्दोष, पण काही वर्षं कोर्टाच्या खेपा घालून. १९५६ मध्ये ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.