पांढरीची माती उसाला नको



लागणीच्या आधी दरवर्षी एक प्रश्न हटकून येतो, ‘साहेब, पांढरीची माती टाकू का उसाला?’ नोकरीत नवा होतो तेव्हा मीही ‘टाका’ म्हणून मोकळा झालो होतो. तो सल्ला चुकीचा होता, हे आज कबूल करतो.

काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. घरे पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, चुलीची राख साठत गेली आणि टेकाड झाले. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ गाव आहे. तेथील टेकाड पुरातत्त्व खात्याने १९५२-५३ साली व पुन्हा १९५६-५७ साली खणले. सर्वांत खाली वस्ती निघाली ती तीन हजार वर्षांहून जुनी. रंगवलेली खापरे नि दगडी पाती वापरणाऱ्या लोकांची. तिच्या वरच्या थरात लोखंड वापरणारे लोक. पुढे याच गावी यादव राजा सिंघणाच्या काळचा शके ११४४, म्हणजे इ. स. १२२२ चा शिलालेख आहे. तापी-गोमाई संगमावर प्रकाशे येथे १९५५ साली खणले, तेव्हाही असेच थरावर थर निघाले.

गाव कधी बसले, कोणी वसवले, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते या मातीतच आहे. पांढरी हाच गावाचा जुना सातबारा. एक ट्रॉली भरली की त्याचे एक पान गेले, आणि त्याची नक्कल कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

आता म्हणाल, ‘साहेब, पोट इतिहासावर भरत नाही.’ बरोबर. राखेमुळे पहिले वर्ष पीक जोमदार दिसते, हेही खरे. पण ही माती बहुधा चुन्याची. आपल्या बऱ्याच जमिनीत चुनखडी आधीच जास्त. त्यात भर पडली की पिकाला लोह मिळत नाही, खोडवा पिवळा पडतो आणि मग हिराकस फवारत बसावे लागते. त्यापेक्षा पाचट जाळू नका, सरीत कुजवा, ताग गाडा, माती तपासून खत द्या.

घराचा पाया खणावाच लागतो, त्याला कोणाची ना नाही. मात्र खणताना खापरे, मणी, नाणी निघाली तर फेकू नका, तहसील कचेरीत कळवा. काळी आपण पिकवतोच. पांढरी राखणेही आपलेच काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

— ऊस विकास अधिकारी