आधी हात तयार होऊ द्या

बारावीचा निकाल लागला की एअरक्राफ्ट मेंटेनन्सच्या जाहिरातींना ऊत येतो. चकचकीत विमान, गणवेशातली हसरी मुलं, परदेशी नोकरीचं गाजर. वर्कशॉपमधला व्हाइस आणि कानस मात्र जाहिरातीत सापडत नाही.

या धंद्याची बाराखडी लॉक वायरपासून सुरू होते. थरथराटाने बोल्ट सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवून तिला पीळ देतात. नेहमीच्या ०.०३२ इंची तारेला इंचामागे सहा ते आठ पीळ. ओढ अशी बसवायची, की एक बोल्ट सुटू लागला तर तारेने दुसऱ्याला आवळावं. पक्कडीचा खोल ओरखडा उठला, तर तार कापून पुन्हा पहिल्यापासून. बहुपर्यायी प्रश्न सोडवून हे हातात येत नाही.

पण नुसता हात बसूनही भागत नाही. जून १९९०मध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बारीक निघाले, उरलेले सहा आखूड. बसवणारा नवखा नव्हता, चांगला अनुभवी होता. त्याने पार्ट्स कॅटलॉग न उघडता जुन्या बोल्टाशी नजरेनं जुळवून नवे बोल्ट निवडले होते.

मॅन्युअल उघडल्याशिवाय पान्याला हात न लावण्याची ही शिस्त प्रशिक्षणातच अंगी बाणावी लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांत टर्बाइन इंजिनांच्या विमानांच्या बी१.१ अभ्यासक्रमाला २४०० तास दिले आहेत आणि त्यांतले निदान ४० टक्के प्रात्यक्षिकाचे आहेत. तासांची नोंद भरणं सोपं, तास भरणं कठीण. लेखी निकालावर संस्थेची पत ठरू लागली की पहिली कात्री वर्कशॉपलाच लागते. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या विमान देखभाल केंद्रासारख्या हँगरमध्ये मार्कलिस्ट नव्हे, हात आणि सवय कामी येते.

म्हणून पालकांना एकच सांगणं: फी भरण्याआधी वर्कशॉप दाखवा म्हणा. मुलं तिथे आठवड्याला किती तास उभी असतात आणि चुकलेलं काम पुन्हा करून घेतात का, हे विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवा.