घरगुती टांकसाळ आणि मदरबोर्डाची निवड

संगणकावर बिटकॉइनादि चलनें 'खणून' काढण्याचा उद्योग घरच्या घरीं मांडावयाचा असल्यास मदरबोर्ड कोणता घ्यावा, असा प्रश्न आमच्या राजुरांतील दोन-तीन तरुणांनीं निरनिराळ्या वेळीं आम्हांस विचारला आहे. जन्मभर मुलांस संस्कृत शिकविणाऱ्या पंतोजीस हा प्रश्न कां विचारावा, अशी शंका वाचकांस येईल. त्याचें कारण इतकेंच कीं, एकत्र कुटुंबांत असल्या खरेदीस वडील माणसांची संमति लागते, आणि वडील माणसें 'आधीं मास्तरांस विचारून या' म्हणून मोकळीं होतात. मास्तरांस मग जाणत्यांचीं घरें गांठणें आणि संगमनेर-नाशिकच्या दुकानदारांच्या बोलण्यांतील खरें-खोटें निवडणें भाग पडतें. त्या खटाटोपांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

प्रथम हें 'खणणें' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण घरांतील निम्म्या माणसांस तें ठाऊक नसतें आणि उरलेल्या निम्म्यांस ठाऊक असल्याचा भास असतो. बिटकॉइनची सर्व देवघेव एका सामाईक वहींत नोंदली जाते. ही वही कोणा एका पेढीच्या स्वाधीन नाहीं; जगभरच्या हजारों संगणकांवर तिच्या प्रती असतात. सुमारें दर दहा मिनिटांनीं तीस एक नवें पान जोडावयाचें असतें, व तें जोडण्याचा मान कोणास मिळावा हें एका शर्यतीनें ठरतें. ही शर्यत बुद्धीची नव्हे. अनोळखी कुलुपास एकामागून एक किल्ल्या लावून पाहाव्या, तसें यंत्र सेकंदास कोट्यवधि अंक लावून पाहतें, आणि ज्याची किल्ली प्रथम लागते त्यास नवीं नाणीं मिळतात. ३ जानेवारी २००९ रोजीं पहिलें पान लिहिलें गेलें तेव्हां बक्षीस ५० नाण्यांचें होतें. ठराविक अंतरानें तें निम्में होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ नाण्यांवर आलें आहे.

या सर्वांत मदरबोर्डाचें काम काय? मदरबोर्ड म्हणजे संगणकाचें माजघर होय. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्डें हीं सर्व मंडळी तेथें एकत्र येतात, एकमेकांशीं बोलतात आणि तेथूनच वीज घेतात. पण माजघर स्वतः कांहीं कमावून आणीत नाहीं, तसा मदरबोर्डहि स्वतः एक अंक तपाशीत नाहीं. दुप्पट किंमतीचा बोर्ड घेतल्यानें कणभरहि अधिक नाणें निघत नाहीं. हें एवढें ध्यानांत ठेवलें तरी दुकानांतील अर्धें आमिष निष्प्रभ होतें.

आतां ज्यास साक्षात् बिटकॉइनच खणावयाचें आहे, त्यानें मदरबोर्डाची चौकशी करणें म्हणजे कावळ्याचे दांत मोजणें आहे. प्रारंभीं साध्या संगणकावर हें काम होई, पुढें ग्राफिक्स कार्डांवर होऊं लागलें. परंतु २०१३ पासून केवळ याच एका हिशेबासाठीं घडविलेलीं 'एसिक' यंत्रें निघालीं आणि घरगुती संगणक या शर्यतींतून कायमचा बाद झाला. एसिकमध्यें त्याचा स्वतःचा नियंत्रक बोर्ड आंतच असतो. तें यंत्र दुसरें कोणतेंहि काम करीत नाहीं, आणि त्याचा घरघराट असा कीं शेजारच्या खोलींत कोणास जपमाळ घेऊन बसवणार नाहीं.

दुसरा मार्ग ग्राफिक्स कार्डांचा. मदरबोर्डाचा प्रश्न खऱ्या अर्थानें येथेंच उद्भवतो. ईथर नांवाचें चलन कार्डांवर खणतां येत असे, आणि २०१७ च्या सुमारास या उद्योगास एवढें उधाण आलें कीं कारखानदारांनीं केवळ त्यासाठीं निराळे बोर्ड काढले. बायोस्टारच्या 'टीबी-२५० बीटीसी प्रो' वर १२ स्लॉट, ॲसरॉकच्या 'एच-११० प्रो बीटीसी प्लस' वर १३, आणि आसुसच्या 'बी-२५० मायनिंग एक्स्पर्ट' वर तर १९! जितके स्लॉट तितकीं कार्डें, असा तो हिशेब. परंतु १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ईथरच्या वहीनें ती शर्यतच बंद केली. तेथें आतां पानें जोडण्याचें काम ठेव ठेवणारांकडे गेलें आहे. त्या दिवसापासून कार्डांवर ईथर खणणें अजिबात संपलें. ईथरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशीं कांहीं चलनें उरलीं. पण बेकार झालेलीं कार्डें त्यांवर तुटून पडल्यामुळें प्रत्येकाच्या पदरांत पडणारा वांटा क्षीण झाला. ते १२ आणि १९ स्लॉटांचे बोर्ड मग जुन्या बाजारांत आले, व 'खास मायनिंगचा बोर्ड, स्वस्तांत' म्हणून अजून कोणाच्या तरी गळ्यांत पडतात. शास्त्रकारांनीं निरुपयोगी वस्तूस शेळीच्या गळ्यांतील स्तनांची उपमा दिली आहे. ते रिकामे स्लॉट पाहिले म्हणजे ती उपमा आठवते.

या जुन्या बोर्डांची दुसरी अडचण अशी कीं, त्यांवर इंटेलचे सहाव्या व सातव्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ या पिढ्यांचा बहुतेक प्रोसेसरांस रीतसर आश्रय देत नाहीं. म्हणजे खणण्याचा नाद सुटल्यावर हा बोर्ड घरांतील मुलांच्या अभ्यासास लावावा म्हटलें तरी पंचाईतच.

तथापि ज्याच्यापाशीं दोन-तीन कार्डें आधींच आहेत आणि ज्यास हात घालून शिकावयाचेंच आहे, त्यानें साधा, मोठ्या आकाराचा, चालू पिढीचा बोर्ड घ्यावा. खणतांना कार्ड व बोर्ड यांच्यांत फारशी माहिती जात-येत नसल्यानें एक्स-१ चा आखूड स्लॉटहि पुरतो. त्यांत 'रायझर' बसवून कार्ड वायरीनें दूर, हवेशीर जागीं ठेवतां येतें. प्रोसेसर पडदा दाखविण्याची सोय असलेला घ्यावा, म्हणजे त्यासाठीं एक कार्ड अडकत नाहीं. पुष्कळ कार्डें एकदम ओळखलीं जात नसल्यास बायोसमध्यें 'अबव्ह ४-जी डीकोडिंग' हा पर्याय चालू करावा. बोर्ड बिघडला म्हणून परत घेऊन गेलेल्या कित्येकांची अडचण एवढ्यानेंच दूर होते. जुना बोर्ड घेणें झाल्यास प्रोसेसरच्या खोबणींतील बारीक कांटे भिंगानें पाहावे. एक वांकडा असला तरी सौदा मोडावा.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही वडिलकीच्या अधिकारानें बजावून सांगतों. रायझरास वीज देण्याकरितां दुकानदार साटाचा जोड देतो. स्लॉटाच्या वाटेनें कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज ओढूं शकतें, आणि साटाच्या जोडाची १२ व्होल्टांवरील मर्यादा ५४ वॅट आहे. तो जोड तापतो, वितळतो, प्रसंगीं पेट घेतो. रायझरास एस.एम.पी.एस. मधून निघणारी सहा पिनांची वायरच लावावी. ज्या घरांत सागवानी माळे आणि त्यांवर पिढ्यांचीं कागदपत्रें आहेत, तेथें ही काटकसर करूं नये.

तिसरा मार्ग मोनेरोचा. २०१९ पासून त्याची रीत मुद्दाम अशी ठेविली आहे कीं तें साध्या प्रोसेसरावरच बरें खणलें जातें. येथें स्लॉट मोजावयाचे नसून, प्रोसेसरास वीज पुरविणारा बोर्डाचा भाग भक्कम आहे कीं नाहीं, त्यावर ॲल्युमिनियमचीं पन्हळीं बसविलीं आहेत कीं नाहींत, हें पाहावें. रॅमच्या दोन पट्ट्या घालाव्या. प्राप्ति येथेंहि अल्प. पण यंत्र पुढें घरास उपयोगी पडतें. कोणी हट्टच धरला तर आमचा कौल या मार्गास आहे.

आतां विजेचा प्रश्न. आणि बोर्डाच्या आधीं विचारावयाचा प्रश्न खरा हाच. एका तरुणानें आम्हांस सांगितलें, 'मास्तर, धरण आपल्या दारांत आहे!' आहे खरें. भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें, त्याच्या पाण्यावर वीज होते. पलीकडे घाटघरास २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालतो. घाटघरची युक्ति मोठी मनोरंजक आहे. मागणी कमी असतां पाणी वर चढवून ठेवावयाचें व मागणी वाढतांच खालीं सोडून वीज करावयाची. चढवितांना जितकी वीज खर्च होते तितकी परत मिळत नाहीं, तरी तो व्यवहार शहाणपणाचा. कारण नको त्या वेळची वीज तो हव्या त्या वेळीं देतो. घरगुती खणण्यांतहि दिल्यापेक्षां परत कमीच मिळतें, पण तेथें हें समाधान नाहीं. शिवाय धरणाशीं शेजार असला म्हणून मीटर सवलत देत नाहीं. राजुरास दर तोच जो पुण्यास.

हिशेब मांडून पाहूं. १२० वॅटचीं सहा कार्डें, म्हणजे ७२० वॅट. बोर्ड, प्रोसेसर व पंखे यांचे ८० धरले तर ८००, एस.एम.पी.एस. मधील घट मिळवून भिंतींतून सुमारें ९०० वॅट. चोवीस तासांस साडेएकवीस युनिटें, महिन्यास सुमारें ६५०. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनीं चढतो. ज्या घराचा मासिक खप आज दीडशें आहे तें एकदम आठशेंवर जाईल, आणि वाढलेली सर्व युनिटें वरच्या पायऱ्यांवर पडतील. सोयीसाठीं दहाच रुपये धरले तरी साडेसहा हजार झाले. सर्वांत वरच्या पायरीचा दर याहून चढा आहे. छपरावर सौर पत्रे घालूं म्हणावें, तर एका किलोवॅटाचे पत्रे दिवसास सुमारें चार युनिटें देतात, आणि आमच्याकडील पावसाळ्यांत सूर्यनारायणाचें दर्शन किती दिवस होतें हें सर्वांस माहीत आहे.

कराची गोष्ट याहून कडक. १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या विक्रीवरील लाभावर ३० टक्के कर आहे. खणण्यास लागलेलीं यंत्रें आणि वीज यांचा खर्च त्यांतून वजा मिळत नाहीं. म्हणजे विजेपायीं तोटा झाला असतांहि विक्रीच्या रकमेवर कर द्यावा लागणें शक्य आहे. कोणत्याहि किराणा दुकानदारास हा नियम सांगितला तर तो दुकानास कुलूप घालील.

इतकें असूनहि आम्ही या मुलांस हंसत नाहीं. 'आमच्याकडे पैसे द्या, आम्ही खणून देतों' म्हणणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेनें अठरा महिने दरमहा दहा टक्क्यांचें वचन देऊन शिकल्यासवरल्यांस बुडविलें, व २०१८ सालीं पुण्याच्या पोलिसांस त्यांत अटका कराव्या लागल्या. त्यापेक्षां स्वतः बोर्ड आणून, स्क्रू पिळून, महिनाभर मीटर वाचणारा मुलगा शतपटीनें बरा. मात्र एकत्र कुटुंबांत मीटर आजोबांच्या नांवें असतो आणि नाणीं नातवाच्या पाकिटांत जातात. पाकिटाची सांकेतिक किल्ली एकट्या नातवासच ठाऊक असते. ती हरवली तर नाणीं गेलीं, तो परगांवीं गेला तर हिशेब गेला. यंत्रासाठीं निराळा उपमीटर पहिल्याच दिवशीं बसवावा आणि त्याचा आंकडा दर महिन्यास घरांतील मोठ्या वहींत सर्वांसमक्ष लिहावा. किल्लीचे शब्द कागदावर लिहून लखोट्यांत दागिन्यांबरोबर ठेवावे. संगणकांत मात्र ठेवूं नयेत.

राहतां राहिली पावसाळ्याची गोष्ट. पश्चिमेकडील ओल बोर्डाच्या तोंडांस हिरवा गंज आणते. म्हणून यंत्र भिंतीस टेकून किंवा जमिनीवर ठेवूं नये, आणि अर्थिंग ज्येष्ठांतच जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. वीज परत येतांच यंत्र आपोआप सुरू व्हावें अशी सोय बायोसमध्यें असते, व मायनिंगवाले ती चालू ठेवावयास सांगतात. आमच्याकडे आषाढांत वीज येते ती एकदां नव्हे, दोन-तीन हिसके देऊन येते. ती सोय बंद ठेवावी, आणि घरांत कोणी जागें असेल तेव्हांच हातानें बटण दाबावें.