मुलीच्या संगणकाची यादी

मुलाला संगणक हवा असला की तो "गेम खेळायला" म्हणून सरळ सांगतो. घरात थोडी कुरकुर होते आणि पैसे उभे राहतात. मुलीला मात्र "अभ्यासाला हवा" असंच म्हणावं लागतं. तिचा खेळ हे कारण म्हणून कुणाच्या नोंदीत बसत नाही. आपल्या बचतगटांच्या नोंदीतही नाही, म्हणून मैत्रिणींनो, हे लिहिते आहे.

नागोठणे आणि रोहा यांच्यामधल्या निडी परिसरात मी गटांबरोबर काम करते. कर्जाच्या वह्यांमध्ये मुलांसाठी घेतलेले मोबाईल, मोटरसायकली, संगणक सगळं सापडतं. कर्ज आईनं काढायचं, वस्तू मुलानं निवडायची, हप्ते पुन्हा आईनं फेडायचे. त्यावर कधी चर्चा झाली नाही. यंदा एका सभासद ताईंनी मुलीसाठी 40 हजार मागितले आणि कारणाच्या रकान्यात "गेमिंगचा संगणक" असं स्वच्छ लिहिलं. ताई पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करतात. उरलेले पैसे मुलीनं शिकवण्या घेऊन साठवलेले. बैठक दीड तास चालली. "ॲनिमेशनच्या कोर्ससाठी लिहा, लगेच मंजूर करू," असा तोडगा निघाला. माझ्या मते तो तोडगाच चुकीचा आहे. कर्ज द्यावं, आणि कारण बदलायला सांगू नये.

मुलीनं केलेली यादी मी नीट पाहिली. असा संगणक तयार डबा म्हणून घ्यायचा नसतो, सुटे भाग निवडून जुळवायचा असतो. तिनं सुरुवात पडद्यापासून केली होती. साधा फुल एचडी मॉनिटर असेल तर सगळ्यात महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही, हा तिचा पहिला हिशेब. पैशांचा मोठा वाटा तरी कार्डालाच, कारण खेळाचं चित्र तेच उभं करतं. आरटीएक्स 4060, त्याला 115 वॅट वीज. प्रोसेसर रायझन 5 5600, तो 65 वॅटचा. त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणजे कार्ड बिघडलं तर पडदा काळा, हेही तिनं शेजारी लिहून ठेवलं होतं. रॅम 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 च्या दोन, कारण दोन पट्ट्या मिळून जलद चालतात. 2025 च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्यात, म्हणून 32 चा मोह तिनं सोडला.

मग मायलेकी दिव्याला आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर गेल्या. एका दुकानात यादी न वाचताच विचारलं गेलं, "भाऊ नाही आला बरोबर?" पुढे आय-सेव्हनचा जुना प्रोसेसर, हलकं कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि नाव नसलेला एसएमपीएस असा "तयार सेट" समोर आला. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. स्वस्तातला गेला तर एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा जाते-येते ते कुणाला सांगायला नको. मुलीनं 550 वॅटचा, चांगल्या कंपनीचा, वॉरंटीचा मागितला आणि दिव्यांचं कॅबिनेट परत केलं. तिथं काही न घेताच दोघी बाहेर पडल्या. मला हे फार आवडलं.

आमच्याच काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, हा चंगळवाद आहे. असेल. पण चंगळवादाची आठवण मुलीच्याच अर्जाच्या वेळी कशी होते? बाईच्या विश्रांतीचा, करमणुकीचा प्रश्न आपण वर्षानुवर्षं मांडतो आहोत. फुरसत मागताना ती उपयुक्त असल्याचा दाखला आपण कामकरी बाईकडे मागत नाही, मग तिच्या मुलीकडे का मागावा?

दुसरी भीती जुगाराची. ती खोटी नाही, रमीच्या ॲपवर पैसे घालवलेली घरं आपण पाहिली आहेत. पण ते मोबाईलवर झालं, आणि ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यानं मान्यता दिली. दोन्ही एका पोत्यात भरू नयेत.

खरी काळजी वेगळी आहे. खेळताना माईकवर बाईचा आवाज आला की शिव्या सुरू होतात. 2014 साली "गेमरगेट" नावानं गेम बनवणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या बायकांना बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या दिल्या गेल्या. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी सात गेमर्सना भेटायला बोलावलं, त्यात बाई एकच, छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे. कितीतरी मुली माईक बंद ठेवतात किंवा मुलाचं नाव घेऊन खेळतात. याबद्दल आपल्या किशोरी शिबिरांत एक शब्दही नसतो. तो घ्यायला हवा.

आणि बिलाचं काय? 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेत जमीन बायकोच्या नावावर करण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. इथं प्रत्येक भागाची वॉरंटी बिलावर आणि सिरियल नंबरवर चालते. कर्ज आईच्या नावावर निघेल, कारण सभासद ती आहे. बिलं मात्र भागागणिक वेगळी आणि मुलीच्या नावानं घ्यावीत, त्यांची एक प्रत गटाच्या फाईलला लावावी. संगणक बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला तर आठवडाभरात भाऊ त्याचा मालक होतो. तेव्हा टेबल कुठं मांडायचं, तेही मंजुरीच्याच बैठकीत आईशी बोलून घ्यावं. यादीत यूपीएस नाही, त्याची रक्कम कर्जात वाढवून द्यावी.